‘द्यायचे’ कप्प्यातली मोरपंखी साडी

आमच्या घरातून कापड कधी चोरीला गेलं नाही. जे गेलं ते कुंकू लावून, ओटी भरून, चहा पाजून गेलं.

साक्षरता वर्गांचे दिवस होते ते, नव्वदच्या पुढचे. जवळा बाजारला आमच्या पुढच्या खोलीत मी शिवणकाम करायची. खोली म्हणजे एक मशीन, एक खाट आणि उरलेलं सगळं कापड. खाटेवर ब्लाउजपीस, खाटेखाली परकराचे तागे, खुंट्यांवर अस्तरं, आणि फॉल-पिकोला आलेल्या साड्या जिथं जागा सापडेल तिथं. आमचे हे जवळा बाजार ते औंढा जीप चालवायचे. सकाळच्या घाईत एकदा टॉवेल समजून ते कुणाच्या तरी नव्या परकराच्या कापडानं अंग पुसून गेले. (ते कापड मी धुऊन, इस्त्री करून शिवलं. गिऱ्हाईक म्हणालं, “लय मऊ लागतंय की.”)

पण शेळीनं मात्र हद्द केली. शेजारी शेळ्या-मेंढ्या पाळणारं घर होतं. त्यांची एक शेळी दार उघडं बघून आत आली आणि शिवून ठेवलेल्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या खाऊन गेली. गळ्याला तोंड लावलं नाही, कारण गळ्यात कडक कॅनव्हासचं अस्तर होतं. मी गिऱ्हाइकाला तोंड वर करून सांगितलं, “बिनबाह्याची फॅशन आली हाय, वहिनी.”

“आली आसंल. आमच्या घरात आली न्हाई अजून,” वहिनी म्हणाली आणि तिनं नवं कापड घेऊन मागितलं.

त्या दिवशी मी ठरवलं. ह्यापुढं ह्या खोलीतल्या एका चिंधीलाही उंदीर, कसर, शेळी किंवा नवरा लागता कामा नये. मी एकदा ठरवलं की ठरवलं. माहेरी मला ‘खिळा’ म्हणायचे, ते उगाच नाही.

मी जुनं लोखंडी कपाट आणलं.

“माणसाला खुंटी अन् कापडाला कपाट?” हे म्हणाले.

“माणसाला शेळी खात न्हाई,” मी म्हणाले.

कपाटात कडुनिंबाचा पाला घातला. त्यावर डांबरगोळ्या टाकल्या. इतक्या टाकल्या की आमच्या घरचा चहासुद्धा त्याच वासाचा लागायला लागला, आणि पाहुणे अर्धा कप ठेवून उठायला लागले. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाला आतल्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका घालायचा, म्हणजे कुणाचं कापड कुणाला जाणार नाही, अशी खूण सुरू केली. आणि कपाटाच्या तीन कप्प्यांवर मोठ्या अक्षरांत तीन चिठ्ठ्या डकवल्या: शिवायचे, द्यायचे, आपले.

अक्षरं मोठी काढली ती आत्याबाईंसाठी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या साक्षरता वर्गात नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या आणि दिसेल ते वाचत सुटल्या होत्या. एसटीची पाटी, औषधाची बाटली, भज्यांचा कागद, काही सुटत नव्हतं. मी मोठ्या कौतुकानं म्हणाले, “आत्याबाई, आता तुमाला मला विचारायचं कामच न्हाई. वाचायचं अन् घ्यायचं.”

हे वाक्य माझ्याच तोंडचं आहे. दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या शेवंताकाकूंच्या पोरीचं लग्न निघालं. लग्नाचं सगळं शिवणकाम माझ्याकडं. काकू एक साडी छातीशी धरून आल्या. मोरपंखी रंग, राणी काठ. नवरीच्या मामानं हैदराबादहून आणलेली. हळद फिटल्यावर नवरीनं तीच नेसायची, असं मामाचं सांगणं.

“दादा म्हणला, असा रंग अख्ख्या मराठवाड्यात सापडणार न्हाई,” काकू म्हणाल्या. “जीव लावून फॉल लाव माय. दादाचा सोभाव तुला ठाव हाय.”

ठाव होता. मागच्या एका लग्नात पंगतीत वरण उशिरा आलं म्हणून हा माणूस मांडवातून उठून एसटी स्टँडवर जाऊन बसला होता. त्याला परत आणायला नवरदेवाला वरातीच्या घोड्यावरून उतरावं लागलं. म्हणजे ह्या साडीला काही झालं असतं तर मामा रुसला असता, पोरीचं लग्न नासलं असतं आणि गावात माझ्या हातात कुणी रुमालसुद्धा दिला नसता.

मी जीव लावून फॉल लावला. आतल्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचा टाका घातला, बराबर घडी घातली आणि साडी ‘द्यायचे’च्या कप्प्यात ठेवली. मग मनात आलं, एवढी मोलाची साडी, आणि कपाटाला कुलूप नाही. बाजाराचा दिवस होता. मी तडक कुलूप आणायला गेले. चांगलं पारखून, दहादा उघडझाप करून कुलूप घेतलं.

घरी आले तर आत्याबाई खुशीत.

“हट्ट्याची माझी बहीण येऊन गेली. नव्या सुनेला घेऊन आली व्हती, पहिल्यांदाच.”

“मग?”

“मग काय? पहिल्यांदा घरी आलेलं लेकरू रिकाम्या ओटीनं लावून देऊ व्हय? साडी दिली, ओटी भरली.”

माझ्या हातातलं कुलूप जड लागायला लागलं. “कोणती साडी, आत्याबाई?”

“द्यायच्यातली. मोरपंखी. लय शोभली पोरीला.”

“आवं, द्यायचे म्हंजे गिऱ्हाइकाला द्यायचे!”

“मग तसं लिव्हायचं,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. “अर्धंच लिव्हतीस अन् मला म्हणतीस वाचा. ‘आपले’ लिव्हलेलं मी हातात तरी घेतलं का? जे द्यायचं ते दिलं.”

मी कपाटाला कुलूप लावलं. कुलूप पक्कं निघालं.

“जाऊ दे, दुसरी आणून देऊ,” हे म्हणाले.

“अख्ख्या मराठवाड्यात न्हाई ती. जीप काढा.”

“माघारी मागायचं नाव काढशील तर बघ,” आत्याबाईंनी दम भरला. “कुंकू लावून दिलेलं मागितलं तर हट्ट्यात मला तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई.”

मागायचं नाही आणि आणायचं मात्र आहे. जीप फेऱ्यांतून मोकळी झाली ती पाचव्या दिवशी. मी तीत बसल्या बसल्या तोडगा काढला. म्हणायचं, फॉल उलटा लागलाय, दुरुस्त करून आणून देते. एकदा साडी हातात आली की पुढचं पुढं.

हट्ट्याला मावशींनी, म्हणजे आत्याबाईंच्या बहिणीनं, पोहे केले. मी दोन घास खाऊन विषय काढला.

“फॉल उलटा?” मावशी म्हणाल्या. “आमी तर घडी मोडलीबी न्हाई. सूनबाईला मोरपंखी रंग आवडत न्हाई. तिची आई आली व्हती औंढ्याहून, तिला दिली. काहून, काय झालं?”

“काही न्हाई,” मी म्हणाले आणि उठले. मावशींनी मला थांबवून माझी ओटी भरली. त्यातला ब्लाउजपीस मी घडीवरून ओळखला. मागच्या संक्रांतीला मीच तो आत्याबाईंच्या हातून त्यांना पाठवला होता.

औंढ्याला त्या विहीणबाईंचं देवळाच्या वाटेवर नारळ-प्रसादाचं दुकान. गर्दीत उभं राहून मी सांगितलं की मी हट्ट्याच्या मावशींकडून आले, तुमच्या साडीचा फॉल बघायचा आहे. बाईंचा चेहराच फिरला.

“लेकीच्या सासरचे दिलेली साडी तपासायला माणसं पाठवून राहिले आता? काय तकलीफ हाय त्यांना?”

“त्यांना न्हाई, मला हाय,” मी म्हणाले. “साडी कुठं हाय तेवढं सांगा.”

“दिली. मावसबहिणीच्या पोरीचं लगीन हाय, तिचं केळवण केलं, त्यात दिली. पदरचं कुठं काही गेलं? आलेलंच दिलं.”

“कुठल्या गावची बहीण?”

“जवळा बाजारची. शेवंता.”

मी शेजारच्या नारळांच्या पोत्यावर बसले. हे जीपला टेकून उभे होते. आधी त्यांनी तोंड फिरवलं, मग खांदे हलायला लागले, आणि शेवटी त्यांना टायरवर हात ठेवून वाकावं लागलं. परतीच्या वाटेवर जीपमधल्या सगळ्या शिटांना (जीपवाले प्रवाशाला शीटच म्हणतात) त्यांनी ही गोष्ट सांगितली. एक म्हातारे बाबा म्हणाले, “बाई, काळजी करू नका, साडी सुखरूप हाय.” साडी सुखरूप होती. माझं काही खरं नव्हतं.

गाव येईपर्यंत मी ठरवलं की आता खरं काय ते सांगून टाकायचं. बोलणी खायची, पाया पडायचं, पण खरं सांगायचं.

दारातच शेवंताकाकू बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. आत्याबाई गिरणीवर गेल्या होत्या, घराला कडी होती.

“काकू, एक सांगायचं होतं...”

“आधी माझं ऐक.” त्यांनी पिशवीतून साडी काढून माझ्यापुढं झटकली. “बघ! आपल्या साडीची सख्खी बहीण! म्हणं अख्ख्या मराठवाड्यात न्हाई. इथं औंढ्यात मिळून राहिली! येऊ दे त्या दादाला, बोलतेच त्याला.”

मी आतला कोपरा उलटून बघितला. पिवळा टाका.

“काकू, ही साडी...”

“हां, तेच. एकासारख्या दोन साड्या घेऊन मी काय करू? पोरीचं एवढं शिवून राहिली तू. ही तुलाच. लग्नाला हीच नेसून ये.” आणि मी तोंड उघडायच्या आत कुंकवाचं बोट कपाळाला लागलं. खरं बोलणं तिथंच अडलं. “फक्त हिचा फॉल उकलून पुन्हा लाव. कुण्या अडाणी बाईनं लावलाय कुणास ठाव, किती झोळ आलाय बघ. अन् आता आमची साडी दे.”

मी साडी घेऊन आत गेले. कुलूप उघडलं, कपाटाचं दार वाजवलं, साडीची घडी बदलली, कुलूप लावलं आणि तीच साडी घेऊन बाहेर आले. एक टाकासुद्धा उसवला नव्हता.

काकूंनी फॉलवरून हात फिरवला. “ह्याला म्हणत्यात फॉल,” त्या म्हणाल्या. “हातात कला लागती माय.”

लग्न झकास झालं. मोरपंखी साडीतली नवरी बघून मामाचे डोळे भरले आणि वरण उशिरा येऊनही तो पंगतीत शेवटपर्यंत बसला. मी माझी जुनी जांभळी साडी नेसून खांबाआड उभी होते. काकूंनी तिथं मला गाठलंच.

“मी दिलेली साडी काहून नेसली न्हाई?”

आत्याबाईंचे कान टवकारले. “कोणती साडी? हिनं मला दाखवली न्हाई. कुठं ठेवलीस गं?”

“द्यायच्या कप्प्यात होती,” मी म्हणाले.

“मग?”

“दिली.”

आत्याबाईंनी सगळ्या बायांकडं बघून कपाळाला हात लावला. “आलेला आहेर असा देऊन टाकत्यात व्हय? नुसतं कपाट आणून अन् कुलूप लावून काय व्हतं? कापड सांभाळायला अक्कल लागती!”