सदूची छाती

खडीच्या क्रशरवर काम केलेली माणसं एकत्र बसली की किस्से निघतातच. एकाचा संपतो न संपतो तोच दुसऱ्याला खोकल्याची उबळ येते आणि ती थांबेपर्यंत तिसऱ्याला काहीतरी आठवतं. साठ सालाच्या आसपास पिरंगुट आणि भरे यांच्या मधल्या एका क्रशरवर मी टाइमकीपर होतो. हजेरी घ्यायची, चिठ्ठ्या लिहायच्या आणि सगळ्यांबरोबर दगडाची धूळ गिळायची!

*

तिथे भरतीची आमच्या मुकादमाची एक खास परीक्षा होती. खडीचं घमेलं डोक्यावर घेऊन चढण चढायची आणि वर पोचल्यावर एका दमात पूर्ण नाव ओरडायचं. दम तुटला की नापास.

भऱ्याचा सदू नावावर थांबलाच नाही. स्वतःचं, बापाचं, आडनाव, मुक्काम पोस्ट भरे, पेटा मुळशी, जिल्हा पुणे, सगळं एका श्वासात! खाली मशीन चालू होती तरी ऐकू आलं.

पाच वर्षांनी मुकादमाला लहर आली आणि त्याने जुन्यांचीही परीक्षा घेतली. मारुती वर चढला आणि "मारुती" म्हणून थांबला. मग म्हणाला, "बापाचं नाव लई लांब हाय, मुकादम."

सगळे हसले. त्याच्या बापाचं नाव होतं धोंडू.

*

मालक रोज सुट्टीला प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचा. गूळ खाल्ला की छातीतली धूळ पोटात उतरते, असं तो म्हणायचा आणि आम्हालाही ते खरं वाटायचं. म्हातारा कोंडीबा मात्र आपला खडा धोतराच्या सोग्यात बांधून नातवंडांसाठी घरी न्यायचा.

मुकादमाने एकदा पकडलं. "म्हाताऱ्या, दवा हाय ती. छातीसाठी हाय."

"व्हय की," कोंडीबा म्हणाला. "पोरांस्नी बी छाती हाय. अन् घर हितंच हाय, मशीनच्या वाऱ्याला."

*

एकदा पुण्याहून तपासणीचे साहेब आले. आदल्या दिवशीच निरोप असल्यामुळे सकाळपासून सगळीकडे पाणी मारलेलं. जमीन अशी ओली की धूळ औषधालाही सापडेना.

साहेबांनी घमेली वाहणाऱ्या हरीला विचारलं, "काही त्रास होतो का?"

मुकादम पाठीशीच उभा. हरी म्हणाला, "न्हाई साहेब," आणि त्याला जी उबळ आली, ती तो खाली बसला तरी थांबेना.

"बिडीचा खोकला हाय, साहेब," मुकादम म्हणाला आणि स्वतःच्या कानावरची बिडी काढून त्याने हरीच्या कानावर ठेवली. हरी माळकरी. उभ्या जन्मात बिडीला शिवला नव्हता. पण साहेबांनी लिहून घेतलं, आणि हरीने बिडी काढली नाही. घरी चूल पेटायची होती ना.

*

मग एक दिवस एक्स-रेची गाडी आली. ज्याची छाती खराब त्याला कामावरून कमी करणार, हे आधीच फुटलं होतं. कोंडीबा, हरी आणि मारुती, तिघांचे चेहरे उतरले.

सदू म्हणाला, "भ्यायचं काय त्यात? तुमच्या नावानं मी हुबा ऱ्हातो. आधी तुमचं उरकतो, मग माझं."

गाडीतल्या लोकांना आमचे चेहरे कुठे माहीत? त्यात सगळे धुळीने सारखेच करडे. सदू एकदा कोंडीबाचं मुंडासं बांधून आत गेला, एकदा हरीची टोपी घालून, एकदा मारुतीचा सदरा चढवून, आणि शेवटी स्वतःच्या नावाने उघडाच. नावांच्या चारही चिठ्ठ्या माझ्याच हातच्या. तेव्हा मला मोठी हुशारी केल्यासारखं वाटलं. आज लाज वाटते.

पंधरा दिवसांनी कागद आला. ज्यांच्या छातीत धूळ बसली होती, त्यांची नावं त्यात होती. मुकादमाने सगळ्यांना उभं केलं आणि कागद माझ्या हातात दिला. मीही आधी पाहिला नव्हता.

मी वाचलं, "कोंडीबा."

कोंडीबाने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो सदूकडे पाहत होता.

"हरी."

मशीन बंद होती. कोणी खोकतही नव्हतं.

"मारुती."

चौथं नाव समोर दिसत होतं, पण माझ्या तोंडून निघेना. सदूने डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"माझं नाव ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब," तो म्हणाला. "तीनदा वाचलंत की."