आक्कानं हलवलेली खूण

आक्का कुणावर ओरडायची नाही. चुकलं की खुर्ची ओढून शेजारी येऊन बसायची, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. बेळगावातल्या त्या लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात मी कॉलेज सांभाळून शिकायला जायचे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच; काही विचारायचं तरी आधी मनात दहादा घोकून बघायचे. शहापूरची आक्का तिथली सर्वांत जुनी. म्हणायची, "विचार गं. न विचारता केलेलं मलाच निस्तरावं लागतंय."

प्रोग्राममधले बदल आम्ही गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवायचो. गिऱ्हाइकाला द्यायच्या बदलावर आक्का टॅग, म्हणजे नावाची खूण लावायची. नावं गावांची. औषधांच्या पाकिटांवर सूचना छापणाऱ्या प्रोग्रामवर 'काकती' लावल्यावर तिला एक चूक सापडली: कन्नडात गोळीची वेळ उलटी छापली जायची. ती दुरुस्त करून तिनं तीच खूण उचलून नव्या बदलावर ठेवली. ही तिची नेहमीची रीत. "नाव तेच ऱ्हाऊ दे, घोळ होत न्हाय."

तिच्या सांगण्यावरून मी सर्व्हरवरून सगळं फेच केलं, म्हणजे नव्यानं ओढून घेतलं, आणि निपाणीच्या एका औषध दुकानात 'काकती' बसवून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून फोन आला. "गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत रात्री, कन्नडात सकाळी छापलंय. पेशंटनं घ्यायची कधी?"

ऑफिसचे मालक माझ्याकडे वळले. "फेच न करताच गेलीस? उद्यापासनं येऊ नकोस."

"केलतं सर," एवढंच कसंबसं म्हणाले.

आक्कानं माझ्याच लॅपटॉपवर पुन्हा फेच केलं. पडद्यावर ना चूक दाखवली, ना सूचना. तरीही 'काकती' जुन्याच जागी! ती म्हणाली, "अगं बाई! हे असं वागतंय व्हय?" एकदा खूण आपल्याकडे आली की सर्व्हरवरची हलली तरी साधं फेच जुनीच ठेवतं, तेही मुकाट्यानं. जुनी 'काकती' माझ्याकडे आधीच आली होती. आजवर आक्का स्वतःच्या मशीनवरून बसवायची, म्हणून तिला हे कधी कळलंच नव्हतं.

"पोरीचं काय चुकलं न्हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "खूण मी हलवली." मग मला, "चल निपाणीला."

त्या छपाईची गेलेली सगळी पाकिटं आम्ही घरोघर जाऊन बदलली. शेवटच्या घरातले आप्पा कन्नड शाळेत शिकलेले. त्यांनी झोपेची गोळी सकाळीच घेतली होती. हलवलं तरी डोळे उघडेनात. डॉक्टर बघून म्हणाले, "झोपू द्या, उठतील." आक्का उंबऱ्याजवळ बसून त्यांचा श्वास बघत राहिली.

दिवेलागणीला आप्पा उठले. "कोण गं तू? लई झोप लागली बघ." आक्काला हुंदका आवरला नाही.

महिन्याभरात तिनं ऑफिस सोडलं. मालकांनी काढलं नव्हतं. मी अडवायला जिन्यापर्यंत गेले, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "माझा हात आता खुणेवर जात न्हाय. तू जाऊ नकोस."