भिकुबाईच्या गेरूच्या रेघा

पिंप्राळ्यात भिकुबाईची बातमी फार चवीने चघळली जाई: ही बाई जळगावच्या कापसाच्या जिनात कामाला जाते, तिथल्या यंत्रांवर गेरूच्या रेघा ओढते आणि बायकांची बोटं खाते! रेघा खऱ्या होत्या, चेटूक तेवढं गल्लीनं पदरचं घातलेलं. सरकी काढायच्या यंत्रात एखादीचं बोट सापडलं, की भिकुबाई त्या यंत्राच्या लाकडावर एक रेघ ओढायची. मालक नारळ फोडायचा, लिंबू बांधायचा, की यंत्र पुन्हा सुरू.

होता होता दाराजवळच्या यंत्रावर रेघांची दाटी झाली. खिडकीजवळचं मात्र कोरं करकरीत. भिकुबाईनं मनाशी ठरवून टाकलं, खोट दाराच्याच यंत्रात आहे.

दिवाळीनंतर कपाशीच्या गाड्या लागल्या आणि तिची लेक सुनंदा कामावर आली. मुनीम लखीचंदनं तिला नेमकं दाराशी बसवलं. भिकुबाई आडवी आली.

"भाऊ, तठे नही. तिले खिडकीजोडे बसाडा."

"का हो अक्का, लेकीला वारा हवा वाटतं?" लखीचंद हसला, पण बसवलं.

आठवडा उलटायच्या आत खिडकीच्या यंत्रात कपाशी अडकली. सुनंदानं ती बोटांनी आत रेटली. दोन बोटं गेली.

भिकुबाई ओरडली नाही. लेकीच्या हाताला फडकं गुंडाळलं, टांग्यातून दवाखान्यात नेलं, परत येऊन आपल्या जागी कपाशी घालत बसली. संध्याकाळी गल्लीतल्या बायका घरी रडायला तयार होऊन आल्या, तर ही भाकरी थापत होती. भाकरी करपली तेही तिला कळलं नाही.

तव्याकडे बघता बघता तिला दाराशी बसलेल्या एकेकीचं तोंड आठवत गेलं. सगळ्या नव्या! जुन्या बायका आतल्या जागा सोडत नसत, म्हणून नवी आली की मुनीम तिला दाराशी टाकायचा. जुनी बाई कपाशी तळहातानं ढकलते, नवी बोटं पुढं घालते. तिनं यंत्रं मोजली, बायका मोजल्याच नाहीत.

सकाळी खिडकीच्या यंत्रावर नारळ फुटला. लखीचंद खोबरं वाटत तिच्यापाशी आला.

"घ्या अक्का. आता हेही बाधलं. मग नव्या बाईला कोणत्या यंत्रावर बसवू, तुम्हीच सांगा!"

भिकुबाईनं खोबरं घेतलं नाही.

"यंत्रले कोन पुसस, भाऊ? नवी बाई उनी का तिले मन्हा जोडे बसाडा. मी तिना हात दखसू."