नुसतं बसायची जागा

बाईंनी उभं आयुष्य युवाकार्य शिकवण्यात घालवलं. पाहुणे विचारायचे, "म्हणजे नक्की काय शिकवता?" बाई सांगायच्या, "पोरांजवळ बसायला." बसायलाही पदवी लागते म्हणजे कमालच झाली, असं म्हणून पाहुणे हसायचे. पण बाई थट्टा करत नव्हत्या. उपदेश करू नका, प्रश्नांची सरबत्ती करू नका, जवळ बसा. पोरं बोलायचं तेव्हा बोलतात, हा त्यांच्या वर्गातला पहिला धडाच होता.

संशोधनासाठी त्या वर्षभर पालिकेच्या एका युवा केंद्रात जाऊन बसल्या. केंद्र कसलं, एक लांबट खोली, टेबल टेनिसचं वाकलेलं टेबल आणि गळका नळ. ते चालवणारी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिथे एक शाळकरी मुलगी रोज यायची, भिंतीकडची खुर्ची धरायची आणि आईची ड्यूटी सुटेपर्यंत हलायची नाही. घरी सावत्र बाप असायचा. केंद्रातल्या विद्यार्थिनीनं त्याच्याविरुद्ध दोनदा तक्रार केली, चौकशीला माणसंही आली. पण बापासमोर मुलीच्या तोंडून शब्द फुटला नाही. अलीकडे मात्र ती खुर्ची थोडी पुढे ओढून बसायला लागली होती.

आधी दिसलं ते लिहायचं, अर्थ मागाहून, हा बाईंचा शिरस्ता. त्यांनी अहवाल सुरू केला: 'येणारी बहुतेक मुलं काहीच करत नाहीत, नुसती बसतात.' त्या बसण्याचं मोल सांगायला पुढे चाळीस पानं खर्ची घातली. पण पालिकेतल्या साहेबांना पहिलंच वाक्य पुरलं. आयतं कोलीत मिळालं. भर सभेत त्यांनी ते बाईंच्या नावानिशी वाचलं आणि विचारलं, "मग खोली कशाला हवी?"

"अहो, पुढचं वाचा!" बाई ओरडल्या.

"वाचू की सवडीनं," साहेब म्हणाले. महिनाभरात केंद्राला कुलूप लागलं.

पुढे ती विद्यार्थिनी बाईंना एका दुकानाच्या गल्ल्यावर भेटली. बाईंना तिच्यासमोर उभं राहायचीही शरम वाटली. सामान पिशवीत भरता भरता त्यांनी कसंबसं विचारलं, "ती मुलगी... संध्याकाळी कुठं बसते गं आता?"

विद्यार्थिनीनं मान वर केली नाही.

"आणखी कुठं बसणार, मॅडम? घरी."