नळाची बातमी

परवा कपाट आवरताना जुन्या फायलीतून सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आला आणि नळाची ती बातमी आठवली. ऐंशी सालच्या आसपास मी वर्ध्याला सरकारी प्रसिद्धी कार्यालयात सहायक होतो, अधिकारी व्हायची वाट बघत. समारंभाची बातमी आदल्या दिवशीच लिहून एस.टी.ने नागपूरच्या पेपरांना धाडायची आमची पद्धत. सेलूकडच्या एका गावात मंत्र्यांच्या हस्ते नळयोजना सुरू झाल्याची बातमी मी तशीच धाडली. मंत्री आलेच नाहीत, नळही सुरू झाला नाही, बातमी तेवढी छापून आली. पंधरा दिवसांनी भर उन्हात त्या गावची एक म्हातारी पेपराची घडी घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. "बाबू, पेपरात पाणी आलं, मंग आमच्या नळाले काऊन नाई? नळाच्या हापिसात गेलती, तं सायेब म्हनते, तुमच्या गावाचं काम झालं." बातमी चुकीची असल्याचा खुलासा टाइप करून मी आमच्या साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो न वाचताच परत सरकवला. "पाठवा की. फक्त तुमच्या बढतीच्या शिफारशीला याच बातमीचं कात्रण जोडलंय." मी कागद खिशात घातला. बाहेर म्हातारी आमच्या माठातलं पाणी घटाघटा पीत होती. पदराने तोंड पुसत म्हणाली, "पाणी नाई आलं, एवढं लिवून देजो बाबू." मी म्हणालो, "लिहितो." दोन महिन्यांत अधिकारी झालो, आणि निवृत्त होईपर्यंत रोज काही ना काही लिहीत राहिलो, तेवढं सोडून.