एक नोव्हेंबरचा हार

झेंडूचा उग्र वास आला की मला सौंसरच्या शाळेतला एक नोव्हेंबर आठवतो, मध्य प्रदेशाचा स्थापना दिवस. छप्पन साली याच तारखेला राज्य झालं आणि दोन हजार साली याच तारखेला छत्तीसगड वेगळं निघालं, हे सगळं हिंदी भाषण मी संत्र्याच्या झाडांना म्हणून दाखवत पाठ केलं होतं. पण पिवळी साडी नेसून ते म्हणायचा मान बाईंनी भोपाळहून बदलून आलेल्या साहेबांच्या मुलीला दिला. तिची हिंदी साफ होती, माझ्या हिंदीत घरची मराठी डोकावायची. मला म्हणाल्या, झेंडू तुमच्या वावरात आहे, हार तू आण. मी हार तिच्या गळ्यात घातला आणि पडद्याआड उभी राहून तिचं प्रत्येक वाक्य तिच्याआधी पुटपुटत राहिले. एकदा तरी ती अडखळावी असं फार वाटत होतं. ती अडखळली नाही. टाळ्या वाजल्या, त्यात सगळ्यात जोरात माझ्या बाबांच्या. परतताना सायकलवर ते म्हणाले, “काय बोलून राह्यली होती पोरगी. असं शिक न माय तू बी.” मागे बसून मी तेच भाषण मनातल्या मनात म्हणत राहिले. आता बाबा नाहीत. भाषण मला अजून पाठ आहे, पण त्यांनी ते ऐकलं तिच्याच तोंडून.