खालांच्या पाच कोंबड्या

पाटबंधारे खात्यात मी जन्मभर नकाशे काढले. सरळ रेघ दिसली की मला बरं वाटतं आणि वाकडी दिसली की हात शिवशिवतात. निवृत्तीनंतर हे खूळ जाईल असं वाटलं होतं, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही. शेजारच्या खालांचं खुराडं पाहिलं की माझं डोकं उठायचं. फळांच्या दोन पेट्या एकमेकींना ठोकलेल्या, वर गंजका पत्रा, पत्र्यावर विटा आणि दाराच्या जागी जुन्या कपाटाची फळी, बिजागऱ्या कपाटाच्याच आणि कडीऐवजी सुतळी.

आमच्या दोघींच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी एकटी राहते, खालाही एकट्याच. त्यांचा मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात दुबईला असतात. आमच्या घरात कधी अंडं शिरलं नव्हतं. कोंबड्यांशी माझा संबंध आला तो त्यांनी भिंतीवरून येऊन माझी कोथिंबीर उकरली तेव्हा. मी तणतणत भांडायला गेले आणि दोन कप चहा पिऊन परत आले. खालांशी भांडण टिकायचंच नाही.

पुढं मी त्यांची शिकाऊ उमेदवार झाले. पिल्लांना बल्बखाली ठेवायचं तर चौकोनी खोक्यात नाही, हे त्यांनी मला शिकवलं. लाईट गेली की पिल्लं थंडीनं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून पुठ्ठा गोल वळवायचा, कोपरा ठेवायचाच नाही. पाणी उथळ ताटलीत द्यायचं आणि त्यात खडे टाकायचे, म्हणजे पिल्लू बुडत नाही. मी हे सगळं वहीत आकृत्या काढून लिहून घ्यायचे आणि खाला पोट धरून हसायच्या. “अगं, कोंबडी काय तुझं धरण हाय का?” म्हणायच्या.

त्यांचा आवाज भारदस्त होता, घशातून नाही तर पोटातून यायचा. दिवेलागणीला अंगणात उभ्या राहून त्या “आऽ, तितितिति” अशी हाळी द्यायच्या आणि पाचही कोंबड्या असतील तिथून पळत सुटायच्या. मी तीच हाळी देऊन पाहिली होती. कोंबड्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि परत उकरायला लागल्या. आमच्यासारख्यांना विचारतं कोण! कोंबड्या पेटीत शिरल्या की खाला आत हात घालून एकेकीच्या पाठीला स्पर्श करायच्या आणि मोजायच्या. “डोळे धोका देतात, बेटा. काळी कोंबडी अंधारात दिसती का? हातानं मोजायचं. पाच गरम पाठी लागल्या की मगच सुतळी बांधायची.”

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं, मुलगा सुट्टी घेऊन आला. जाताना खालांनी भिंतीवरून माझा हात धरला. “मेऱ्या मुर्ग्या तेरे हवाले,” एवढंच म्हणाल्या. पंधरा दिवसांत परतायचं होतं. ऑपरेशननंतर काहीतरी चिघळलं आणि त्यांच्या घशात नळी घालावी लागली.

त्या नाहीत हे पाहून माझे हात शिवशिवले. परत आल्यावर त्यांना पक्कं, सुरक्षित खुराडं दाखवायचं असं मी ठरवलं. नकाशा काढला. खाली शहाबादी फरशी, म्हणजे मुंगसाला खालून उकरता येणार नाही. क्रांती चौकातून बारीक भोकांची जाळी आणली, म्हणजे मांजराचा पंजाही आत जाणार नाही. दाराला लोखंडी कडी, कडीला आकडा. माझ्या बाजूला, सीताफळाच्या झाडाजवळ ते उभं केलं. बिजागऱ्या मात्र खालांच्या जुन्या पेटीच्या घेतल्या, कारण चांगल्या होत्या. पेटीला आता दार राहिलं नाही. कोंबड्या तर आता इकडं राहणार, असा माझा हिशोब.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांना धरून धरून आत सोडलं, सकाळी मोकळं केलं. कोंबडी सांगून घर बदलत नाही, नव्या जागी तिला तीन-चार दिवस कोंडून ठेवावं लागतं, तेव्हा कुठं ती जागा तिची होते, हे मला माहीत नव्हतं. खालांना विचारलं असतं तर त्यांनी घशात नळी असतानाही एका खुणेत सांगितलं असतं. पण मला तर त्यांना चकित करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऐन दिवेलागणीला नळ आले. आमच्या शहरात नळ येणं म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. नऊ दिवसांनी पाणी आलं होतं. गल्लीभर मोटारी सुरू झाल्या, मी पाईप घेऊन धावले. हौद, टाकी, बादल्या, पातेली. मध्येच आठवण झाली तशी अंगणात गेले, नव्या खुराड्याचं दार लोटलं आणि कडी घातली. आत हात घातला नाही. हात ओले होते, पाईप वाहत होता.

कोंबड्या आत नव्हत्याच. त्या आपल्या सवयीनं जुन्या पेटीत जाऊन बसल्या होत्या, बिनदाराच्या.

सकाळी मी दाण्याची वाटी घेऊन गेले तेव्हा भिंतीपलीकडून मुंगूस सरकन निघून गेलं. पाचही मानेतून फाडलेल्या. त्यानं खाल्लं काहीच नव्हतं. मी तिथंच ओल्या मातीत बसले. माझं खुराडं समोर उभं होतं, काटकोनात, कडी लावलेलं आणि रिकामं. मला त्याची इतकी चीड आली की लाथ मारावीशी वाटली. मी पाच कोंबड्या सीताफळाखाली पुरल्या. पिसं मात्र सरत नव्हती. पुढं कितीतरी दिवस ती कुठं कुठं सापडायची, पायपुसण्यात, देवघराच्या उंबऱ्याशी. आणि दिवेलागणीला भिंतीपलीकडून हाळी ऐकू यायची. खाला दवाखान्यात होत्या, घराला कुलूप होतं, तरी यायची. मी टीव्ही मोठा करून बसायचे.

तीन दिवसांनी मी दवाखान्यात गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. खाला उशीला टेकलेल्या, गळ्याला पट्टी, बोलायची मनाई. चेहरा अर्धा झालेला. मला पाहताच त्यांनी पाच बोटं वर केली आणि भुवया उंचावल्या.

मी पाच बोटं वर केली.

त्यांनी डोळे मिटले आणि हसून मान डोलावली. उशाशी उभा असलेला मुलगा म्हणाला की अम्मी आठ दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मी जिना उतरून खाली आले आणि स्वतःलाच समजावलं की आजारी माणसाला असं सांगायचं नसतं. हे खरंच होतं. पण मी त्याच्याआड लपले, हेही खरं.

मग मी मोबाईलमधला जुना फोटो घेऊन फुलंब्रीच्या बाजारात गेले. एक काळी, दोन तांबड्या, एक कबरी, एक उघड्या मानेची. विकणारी बाई वैतागली. “बाई, कोंबडी नेती का नवरी पसंत करती?” म्हणाली. पाचही मिळाल्या. कबरीच्या शेपटीत पांढरं जरा जास्त होतं, पण खालांच्या डोळ्यांना मोतीबिंदू होता. या कोंबड्यांना मी चार दिवस कोंडलं, रोज आत हात घालून मोजलं, माझ्या हाळीवर यायला शिकवलं. सगळं शास्त्रोक्त.

दवाखान्यातून खाला दौलताबादला बहिणीकडं गेल्या आणि तिथून घरी आल्या तोवर दोन महिने उलटले होते. मुलगा त्यांना सोडून परत दुबईला गेला. जाताना डॉक्टरांचं सांगणं मलाही ऐकवून गेला. आवाज बसलाय, तो बोलून बोलूनच मोकळा होईल. अम्मी गप्प राहिल्या तर असाच राहून जाईल. तुम्ही त्यांना बोलतं ठेवा, आपा.

त्या संध्याकाळी खाला अंगणात आल्या. नवं खुराडं पाहून त्यांनी कानशिलावर बोटं मोडून माझी अलाबला घेतली. मग भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि हाळी दिली. पोटातून निघालेली ती हाळी गळ्यात चिरली आणि नुसती खरखर बाहेर आली. कोंबड्या दचकल्या आणि सीताफळामागं पळाल्या. खालांनी परत हाळी दिली. एकही आली नाही. उघड्या मानेच्या कोंबडीला धरायला त्यांनी हात पुढं केला तर तिनं चोच मारली.

खालांनी हात मागं घेतला. मग गळ्यावर हात ठेवून माझ्याकडं वळल्या. “पिल्लू होत्या तवापासून माझ्याच आवाजावर येत व्हत्या,” त्या खरखरल्या. “त्यांनी बी नाय वळखला. मेली का गं मी तिकडंच?”

एका वाक्याचं काम होतं. खाला, या तुमच्या कोंबड्या नाहीत. “येतील हळूहळू,” मी म्हणाले. इतकी भेकड मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

त्या दिवसापासून खालांनी बोलणं सोडलं. कोंबड्यांना बोलवायला त्या स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवू लागल्या. भाजीवाल्याला बोटानं दाखवायच्या. मी रोज जाऊन बसायचे, काहीबाही विचारायचे, त्या मानेनं उत्तर द्यायच्या. संध्याकाळी नातीचा फोन यायचा तो वाजू द्यायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, उचला ना, पोर वाट बघत असेल. तेव्हा कुजबुजल्या, “मुर्ग्या पळाल्या. पोर तं भिऊनच जाईल. तिच्या कानात माझा पहिला आवाज राहू दे.” आवाज मोकळा होण्याचे दिवस एकेक करून चालले होते आणि भिंतीपलीकडून नुसता चमचा वाजत होता. तो वाजला की मी टीव्ही मोठा करायचे. अजूनही करते.

मग काळी कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवरून उठेना. गल्लीत कोंबडा मोकळा फिरायचाच, त्यामुळं खालांनी टोपलीत भुसा घालून तिच्याखाली अकरा अंडी मांडली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. मला वाटलं, आता सगळं दुरुस्त होईल. ही तर कोवळी पिल्लं, यांना जो आवाज ऐकवाल तो आईचा. मी खालांना म्हटलं, बोलवा यांना, ही येतील. खालांनी नाही म्हणून मान हलवली आणि ताटली जवळ ओढली. चमच्याच्या टिकटिकीवर नऊ पिल्लं धडपडत आली. ताटलीवर येणारी पिल्लं पाहून माझा धीर संपला.

मी त्यांच्यासमोर मातीत बसले आणि सगळं सांगितलं. बिजागऱ्या, नळ, मुंगूस, फुलंब्रीचा बाजार. “खाला, या कोंबड्यांनी तुमचा आवाज आधी कधी ऐकलाच नव्हता. त्या तुम्हाला विसरल्या नाहीत. ज्या तुम्हाला ओळखायच्या त्या मी मारल्या.” मी रडत होते.

खालांनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

“माझं मन राखायला येवढं मोठं झूट?” त्या कुजबुजल्या. “दवाखान्यात तू पाच बोटं दाखवली. त्या बोटांवर तं मी उठून बसले. तवा तू खोटं बोलली असती का, बेटा?”

मी म्हटलं, झाडाखाली पुरल्यात, उकरून दाखवते. खुरपं घ्यायला उठले तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हसत होत्या, अगदी मायेनं, आवाज न करता. “बस्स. तुला खोटं बोलाया नाय जमत,” म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. दुबईचा. खालांनी तो माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात कानांशी नेऊन नमाजाची खूण केली. मी उचलला.

“दादी कहाँ है?” नातीनं विचारलं.

खाला माझ्या शेजारी बसल्या होत्या, हाताच्या अंतरावर.

“दादी नमाज पढ रही हैं, बेटा,” मी म्हणाले.